डोंगा, कयाक आणि रुंदीचा घन

गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा जसा रानांचा, तसाच नद्यांचाही आहे. पश्चिमेच्या अंगाने वैनगंगा वाहते. तिला वर्धा मिळाली की पुढे तिचेच नाव प्राणहिता होते. दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. एटापल्लीच्या रानातून वाहणारी बांडिया इंद्रावतीलाच जाऊन मिळते आणि भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो. त्यातच गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव! अशा मुलखातल्या मुलाला डोंगा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

परंतु अलीकडे एक नवी नाव सर्वांच्या डोळ्यांत भरू लागली आहे. लाल-पिवळ्या प्लॅस्टिकची, एकट्याने बसून दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची ही नाव म्हणजे कयाक. कोलाडजवळ कुंडलिका नदीवर ती चालवायला पर्यटक गर्दी करतात. मूळची ती उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. हाडांच्या किंवा वाहून आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवत आणि तिच्यातून शिकार करत. आज ती हौसेची वस्तू झाली आहे. गावच्या तलावावर सुट्टीच्या दिवशी फिरण्यासाठी शाळेने किंवा तरुण मंडळाने एखादी कमी किमतीची कयाक घ्यावी, असे कोणालाही वाटेल.

पण घ्यायची कोणती? लांब की आखूड, अरुंद की रुंद, उघडी की झाकलेली? विक्रेता तर सगळ्याच चांगल्या म्हणणार. नाव निवडण्यासाठी नावाडी असावे लागते असे नाही. तुमच्या शाळेच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र आणि बांबूचे एक पेर एवढ्यावर बरेच काम भागते. कसे ते पाहू या.

बांबूचा प्रयोग

बांबूचे एक जाड पेर दोन्ही बाजूंच्या गाठींसह कापून घ्या. त्यावर लांबीच्या दिशेने कोळशाने एक रेघ ओढा आणि ते पाण्याच्या घमेल्यात सोडा. पेर तरंगेल, पण बोटाचा धक्का लागताच गरकन फिरेल. रेघ वर आली काय किंवा खाली गेली काय, त्याला त्याचे काहीच नाही!

आता तेच पेर उभे चिरून त्याचे दोन सारखे भाग करा. एक भाग पाण्यावर ठेवा. हा झाला तुमचा छोटासा डोंगा. याला बोटाने कलवून सोडा. तो झुलतो आणि पुन्हा सरळ होतो. त्याच्या तळाशी चार खडे ठेवा. तो अधिकच नेटका बसेल. मग खडे काढा, तळाशी ओल्या मातीचा गोळा चिकटवा, त्यात बोटभर लांबीची काडी उभी खोवा आणि काडीच्या शेंड्यावर मातीचा दुसरा गोळा बसवा. वरचा गोळा थोडा थोडा मोठा करत गेलात, की एक वेळ अशी येईल की डोंगा एकाएकी कलंडेल. वजन फारसे वाढलेले नाही, डोंगा बुडण्याइतका तर मुळीच भरलेला नाही. तरी तो उलटला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नाव तरंगणे ही एक बाब आणि नाव सरळ राहणे ही दुसरी बाब. पहिलीचा नियम इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सांगितला. दुसरीचा उलगडा पूर्ण व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. पियेर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली जहाजांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘मेटासेंटर’ या बिंदूची कल्पना मांडली.

दोन बले, एक झोका

नावेवर दोन बले काम करतात. नाव, माणूस आणि सामान यांचे एकत्र वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे उत्प्लावक बल, बाजूला सारलेल्या पाण्याचा जो मध्य असेल त्यातून वर ढकलते. या दुसऱ्या बिंदूला आपण प्लवनमध्य म्हणू. नाव सरळ असते तेव्हा हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात आणि बलांचा तोल साधतो.

आता नाव उजवीकडे कलली असे समजा. उजवी बाजू पाण्यात अधिक बुडते, डावी वर येते. साहजिकच प्लवनमध्य उजवीकडे सरकतो. तिथून वर जाणारी बलाची रेषा नावेच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. नाव जणू या बिंदूला टांगलेल्या पाळण्यासारखी वागते. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर नाव झोका खाऊन सरळ होते. तो वर गेला तर तीच बले नावेला पालथी घालतात.

अख्ख्या बांबूचे कोडे आता सुटेल. त्याचा आडवा छेद वर्तुळाकार. तो कसाही फिरवा, उत्प्लावक बलाची रेषा नेहमी वर्तुळाच्या केंद्रातूनच जाते. म्हणजे मेटासेंटर केंद्रातच. गुरुत्वमध्यही तिथेच. मग सरळ व्हायला कारणच उरत नाही. अर्ध्या बांबूचे मेटासेंटर त्याच केंद्रात राहते, पण वरचा अर्धा भाग गेल्यामुळे गुरुत्वमध्य खाली उतरतो. खोडाच्या आतले लाकूड कोरून काढणारा सुतार केवळ माणसांसाठी जागा करत नाही. तो डोंग्याला सरळ राहायला शिकवतो!

थोडे आकडे घालून पाहू. पूर्ण गोल तळाच्या एका डोंग्याची त्रिज्या ३० सेंटीमीटर, वजन १२० किलोग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्राच्या १९ सेंटीमीटर खाली आहे असे माना. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस तळाशी बसला तर त्याचा गुरुत्वमध्य तळापासून सुमारे २५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे केंद्राच्या ५ सेंटीमीटर खाली येतो. दोघेही केंद्राच्या खाली; काळजी नाही. तोच माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य तळापासून सुमारे ९० सेंटीमीटरवर, म्हणजे केंद्राच्या ६० सेंटीमीटर वर जातो. आता गुणाकार करा. खाली ओढणारा डोंगा: १२० × १९ = २२८०. वर गेलेला माणूस: ६० × ६० = ३६००. वरचा आकडा मोठा, म्हणून डोंगा कलंडतो. “पाण्यात उभे राहू नका” हे नावाड्याचे ओरडणे म्हणजे या दोन गुणाकारांचे सार आहे.

रुंदीचा घन

गोल तळाचे मेटासेंटर केंद्रात अडकून राहते. तळ सपाट आणि रुंद केला तर मात्र ते वर चढवता येते. किती वर? याचे सूत्र तुम्ही पुढे महाविद्यालयात शिकाल. आज त्यातला गाभा तेवढा घेऊ. प्लवनमध्यापासून मेटासेंटरची उंची ही पाण्याच्या पातळीवरच्या नावेच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, पण रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढते. आणि बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफळाने तिला भागावे लागते.

रुंदीचा घन, हे शब्द अधोरेखित करा. आपल्या प्रश्नाची किल्ली त्यांतच आहे. ३ मीटर लांब, ७५ सेंटीमीटर रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी कयाक घ्या. नाव, माणूस व पिशवी मिळून १०० किलोग्रॅम भार धरा. हिशेब केला तर मेटासेंटर प्लवनमध्याच्या सुमारे ४८ सेंटीमीटर वर येते. आता रुंदी फक्त १५ सेंटीमीटरने कमी करून ६० करा. रुंदी पाचव्या हिश्शाने घटली, पण ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१. म्हणजे ती उंची जवळपास निम्मी, सुमारे २५ सेंटीमीटर उरली! बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य काही आपली जागा सोडत नाही. तेव्हा पहिल्या नावेत तो मेटासेंटरच्या सुमारे वीत-सव्वावीत खाली असतो, तर दुसरीत जेमतेम दोन-चार बोटे. अशा अरुंद नावेत नवखा माणूस मान वळवतानाही घाबरेल. ती नाव वाईट नव्हे. ती तरबेज हातांसाठी आहे.

म्हणून नवख्याने हौसेखातर शांत पाण्यावर फिरायची कयाक घेताना पहिला प्रश्न विचारावा तो रुंदीचा. ७० ते ८० सेंटीमीटर रुंदी असावी. दुसरा प्रश्न बैठकीचा: ती तळाला जितकी लगटून असेल तितकी बरी. उंच, गुबगुबीत खुर्ची दुकानात सुखाची वाटते; पाण्यावर ती तुमचा गुरुत्वमध्य वर चढवते.

नदीवर दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांवरून जड सामान नेण्याची रीत तुम्ही पाहिली किंवा ऐकली असेल. ती याच नियमाची युक्ती. लाकूड दुप्पट लागले, पण दोन्ही बाजूंचे आधार मधल्या रेषेपासून दूर गेल्यामुळे स्थैर्य दुपटीच्या कितीतरी पट वाढले. बांबूचे दोन्ही भाग थोड्या अंतरावर आडव्या काड्यांनी बांधून आपला मातीचा गोळा त्यांवर उभा करून पाहा. आता तो सहज कलंडणार नाही.

लांबी कशासाठी?

लांब नाव वेगवान असते, हे खरे. नाव पुढे जाताना स्वतःच लाटा उठवते आणि तिचा वेग वाढला की आपल्याच लाटेचा चढ तिला चढावा लागतो. हा अडथळा जाणवू लागतो तो वेग साधारणपणे लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला १.२५ ने गुणा, म्हणजे सेकंदाला किती मीटर ते मिळेल. ३ मीटरच्या नावेसाठी हा वेग येतो सुमारे २.२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ८ किलोमीटर. ५ मीटरच्या नावेसाठी ताशी १० किलोमीटर.

पण हौसेने वल्हवणारा माणूस ताशी चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. मग जो वेग आपण गाठणारच नाही, त्यासाठी पैसे का मोजावे? शिवाय लांब नाव वळवायला जड, टेम्पोत मावत नाही आणि किमतीलाही भारी. तेव्हा पहिल्या नावेला पावणेतीन ते साडेतीन मीटर लांबी पुरेशी. याहून आखूड नाव मात्र प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरवत राहते. तळाला मधोमध कण्यासारखा उंचवटा असेल तर ही खोड कमी होते.

नाव किती पेलते?

नावेवर तिची भारक्षमता लिहिलेली असते, समजा १२० किलोग्रॅम. याचा अर्थ १२० किलोग्रॅम घेऊन ती सुखाने चालेल असा नव्हे. ती मर्यादा आहे. माणूस, सामान आणि ओले कपडे धरून त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भार ठेवावा.

हे तपासायचे कसे, तेही पाहा. निमुळत्या नावेचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ सुमारे लांबी × रुंदी × २/३ इतके असते. आपल्या नावेसाठी ते ३ × ०.७५ × २/३ = १.५ चौरस मीटर. ती एक सेंटीमीटर आणखी बुडाली तर ०.०१५ घनमीटर, म्हणजे १५ लिटर पाणी बाजूला सारले जाते. म्हणजेच दर १५ किलोग्रॅमला एक सेंटीमीटर! ४५ किलोग्रॅम वजनाची विद्यार्थिनी बसली की नाव ३ सेंटीमीटर खाली जाईल. एकट्याच्या नावेत तिघे चढले की काठ पाण्याच्या किती जवळ येतो, हे यावरून समजेल.

उघडी की झाकलेली?

कयाक दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत माणूस आत पाय घालून बसतो. दुसरीत बंद पोकळ अंगाच्या वर खळग्यात बसतो. आत बसण्याच्या नावेत ऊन-वारा कमी लागतो आणि बैठक खाली असते. पण ती उलटली तर आत पाणी शिरते. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलोग्रॅम! शिवाय हे पाणी स्वस्थ बसत नाही. नाव कलली की ते कललेल्या बाजूकडेच धावते आणि तिला आणखी कलवते. अर्ध्या बांबूत थोडे पाणी ओतून कलवा. पूर्वीचा त्याचा डौल गेलेला दिसेल. डोंग्यातले पाणी नावाडी डब्याने सतत उपसत असतो, ते पाय भिजू नयेत म्हणून नव्हे.

वर बसण्याच्या नावेत आरपार भोके असतात. खळग्यात आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. उलटली तर सुलटी करून पुन्हा चढता येते. नवख्यासाठी आणि शाळेसाठी हीच सोयीची. आत बसण्याची घ्यायची झाली तर तिच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे किंवा फोम भरलेला आहे ना, हे जरूर पाहावे.

कशाची बनवलेली?

स्वस्त कयाक बहुधा पॉलिथिलीनच्या असतात. प्लॅस्टिकची पूड साच्यात भरून साचा तापवत फिरवतात. पूड वितळून आतल्या बाजूला सगळीकडे बसते आणि बिनसांध्याची नाव तयार होते. याची घनता पाण्याहून किंचित कमी असल्याने नुसता तुकडाही तरंगतो. खडकावर आपटली तरी ती सहसा फुटत नाही. मात्र वर्षानुवर्षे उन्हात पडली तर अतिनील किरणांनी ठिसूळ होते, म्हणून सावलीत ठेवावी. वजन वीस ते तीस किलोग्रॅम. दोघांना उचलता येते.

काचतंतूंची नाव हलकी व देखणी, पण दगडाने तडकते. हवा भरण्याच्या नावा किमतीला सर्वांत कमी आणि पिशवीत मावतात. पण काटेरी बाभूळ, फुटक्या बाटल्या आणि उन्हाने तापून वाढणारा हवेचा दाब हे त्यांचे शत्रू. हवेचे एकच दालन असलेली नाव खेळणे समजावी. निदान तीन स्वतंत्र दालने हवीत.

जुनी नाव मिळाली तर आणखी उत्तम. आत अंधार करून ती उन्हाकडे धरा. तडा असेल तर उजेडाची रेघ दिसेल. मग ती उथळ पाण्यात तासभर ठेवून आत किती पाणी झिरपले ते मोजा. वल्हे २२० ते २४० सेंटीमीटर लांब लागते. नाव जितकी रुंद तितके वल्हे लांब, नाहीतर पाते पाण्यापर्यंत पोचायला वाकावे लागते.

आधी जॅकेट, मग नाव

२३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रिया बुडून मरण पावल्या. ते पुराचे दिवस नव्हते. हौसेची नाव घेणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. नदी ओलांडणे ज्यांचे रोजचे पोटापाण्याचे काम आहे, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न आपल्याहून कितीतरी मोठा आहे.

माणूस पाण्याहून फारसा जड नसतो. पाण्यात त्याचे वजन काही किलोग्रॅमच उरते. बुडण्यासाठी तेवढेही पुरते आणि वाचण्यासाठीही तेवढ्याचाच आधार लागतो. लाइफ जॅकेटवर ५० किंवा १०० न्यूटन असा आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम वजनाला वर उचलणारे बल. पोहता येत असेल तर ५० चे चालते. न येणाऱ्याने १०० चे घ्यावे. ते अंगाला घट्ट बसणारे आणि पट्टे बांधलेले हवे. तेव्हा हातात असलेल्या रकमेतून पहिल्यांदा जॅकेटचे पैसे बाजूला काढा, मग वल्ह्याचे, मग वाहतुकीचे. उरतील त्यात नाव बसवा.

आणि पाणी? वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर रेटा चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. पर्लकोटेच्या पुरात पुलावरून पाणी जाऊन भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. अशा पाण्यासाठी रुंद काय किंवा महाग काय, कोणतीच हौशी कयाक नाही. पाऊस ओसरल्यावर, वारा नसताना, गावच्या तलावावर काठाकाठाने, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली फिरावे. बरेच तलाव मच्छीमार संस्थांकडे असतात. त्यांची परवानगी घ्या आणि जाळी कुठे लावली आहेत तेही विचारा. जाळ्यात पाय अडकला तर जॅकेटही फारसे कामी येत नाही.

करून पाहा

आता एक गृहपाठ. एका नावेची लांबी ३ मीटर आणि रुंदी ८० सेंटीमीटर आहे. ती एक सेंटीमीटर बुडायला किती भार लागेल? रुंदी ७० सेंटीमीटर केली आणि भार तोच ठेवला तर प्लवनमध्यापासून मेटासेंटरची उंची किती पट उरेल?

उत्तरे निघाली की टेप घेऊन जवळच्या घाटावर जा. नावाड्याची परवानगी घेऊन काठावर लावलेल्या डोंग्याची लांबी, रुंदी आणि रिकामा असताना पाण्यावर राहणाऱ्या काठाची उंची मोजा. किती माणसे बसली की काठ पाण्यापासून वीतभर अंतरावर येईल, याचा हिशेब वहीत करा. मगच नावाडीकाकांना विचारा, “काका, तुम्ही एका खेपेला किती जण घेता?” त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जुळले तर भौतिकशास्त्र तुम्हाला नीट समजले. नाही जुळले तर फरक का पडला, ते दोघांनी मिळून शोधा.